बाई बोलून राह्यल्या

भागिरथाबाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाला अख्खं इंझोरी गाव लोटलं होतं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घासलेली बाई. गावात ज्याला म्हणून सही करता येते, त्यानं तिच्या हातची छडी खाल्लेली. पहिलं भाषण सरपंच दौलतरावांचं. त्यांनी खिशातून कागद काढला, तो निघाला बाईंच्या सेवानिवृत्तीच्या वेळचा. "बाईंना उदंड आयुष्य लाभो," हे वाचून झाल्यावरच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. लोकांनी मात्र सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग बायांमध्ये कोणीतरी हुंदका दिला.

समोर गादीवर बसलेल्या प्रसेनजितच्या खिशातही कागद होता. बाईंचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आठ दिवस तो एकच सांगत होता, "आईसंग रोज बोलत होतो. एक दिवस चुकला नाई." त्याची बहीण पौर्णिमा तेवढ्यावरच सावरली होती, की चला, शेवटी शेवटी आई एकटी नव्हती.

खरं असं, की बोलायची फक्त आई. रोज संध्याकाळी फोनवर एक व्हॉइस मेसेज सोडायची. हा मीटिंगमध्ये, नाहीतर मीटिंगमधून सुटल्याच्या आनंदात. न ऐकताच अंगठा पाठवून मोकळा. नंतर ऐकू म्हणता म्हणता चाळीस साचले, आणि बाई एका पहाटे झोपेतच गेल्या. आता ते ऐकायची त्याची छाती होत नव्हती, आणि पौर्णिमाला सांगायची तर त्याहून नाही.

"रवी," पौर्णिमा म्हणाली, "आईनं म्हटलेली वंदना लाव. दादाले पाठवली होती तिनं."

रवी म्हणजे चुलतभाऊ. गावातल्या लग्नांत डीजेमागं उभा राहून राहून इंजिनिअर झालेला. प्रसेनजितचा फोन सकाळपासून त्याच्याच ताब्यात, स्पीकरला जोडलेला. त्यानं आईचं नाव उघडलं आणि दिसेल त्यावर बोट ठेवलं.

"गप बसा रे!" मांडवात बाईंचा आवाज घुमला.

दोनशे माणसं चिडीचूप. मागं उभे होते ते मटकन खाली बसले. दौलतराव तर हाताची घडी घालून.

"कायचा कल्ला लावला?... तुले नाई रे प्रसेनजित, अंगणात पोट्टे आले, त्यायले म्हटलं. तू जेवला का?"

तो मेसेज संपला आणि दुसरा आपोआप सुरू झाला. "आज तुळसाबाईनं मेथी देल्ली. म्या दोघायची निवडली. मंग ध्यानात आलं का तू तं पुण्याले. अर्धी तिलेच वापस केली."

प्रसेनजित ताडकन उठला. शेजारच्या मळेवाल्या तुळसाबाईनं त्याचा सदरा मागून धरला.

"बस खाली! बाई बोलून राह्यल्या."

"मावशी, ते चुकून लागलं..."

"चुकून अन् बिकून. बस म्हटलं न!"

तिसरा सुरू झाला. "प्रसेनजित, तू आयकलं का ते माइकचं निशाण निळं होते म्हणतात. सव्वा महिना झाला, एकई निळं नाई. वह्या तपासण्यात जिंदगी गेली लेका, धडा न वाचता कोण हो म्हणते ते मले कळते. अख्ख्या गावाचे अंगठे सोडवले म्या, अन् माह्यंच पोरगं अंगठा देऊन राह्यलं."

मागं कोणाला तरी हसू फुटलं. त्यानं टोपीनं तोंड दाबलं.

"रागावली नाई मी. कामात असशीन. पौर्णिमानं इचारलं तं म्या सांगतलं, रोज बोलते माहा लेक. तूबी तसंच सांगजो. तिचा जीव कायले जाळा?"

रवीला आता कुठं कळलं. त्यानं घाबरून फोन बंद केला.

पौर्णिमा भावाकडं बघत होती. प्रसेनजित माइकपुढं गेला, कागद न काढताच.

"नव्हतो बोलत," तो म्हणाला. "एकबी आयकला नव्हता. हे तुमच्यासंगच आयकून राह्यलो."

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोणीच दिली नाही.

"बंद काहून केलं रवी?" पौर्णिमा म्हणाली. भावाकडं तिनं पाहिलं नाही, पण गादीवर थोडी सरकली, एका माणसाएवढी. "लाव."

मांडवाच्या टोकाला चुलीपाशी आचारी चंपत पळी घेऊन उभा होता. "अजून किती हायेत?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. "पंगतीचा टाइम होऊन राह्यला."

रवीनं मोजले. "सदतीस."

चंपतनं भाताच्या पातेल्याकडं बघितलं. मग मांडवाकडं.

"मंग झाकून ठेवतो," तो म्हणाला, आणि पळीसकट मागच्या रांगेत येऊन बसला.