माझ्या पोटातलं गाव

मी एक जुना संगणक आहे. घरातले मला कौतुकाने ‘सर्व्हर’ म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मित्रांनो, माझ्या पोटात एक अख्खं गाव आहे. ते आता दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही, म्हणून माझं बोलणं जरा लक्ष देऊन ऐका.

माझी उमेदीची वर्षं भंडाऱ्याच्या एका कॉलेजात गेली. मुलं माझ्यावर पत्ते खेळत आणि सर आले की घाईने अभ्यासाचं काहीतरी उघडत. पुढे नवी यंत्रं आली, मला मोडीत काढलं आणि भुपेंद्रने मला घरी आणलं. तो लग्नाचे फोटो काढतो. त्याचं जुनं गाव वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढण्याआधी कॅमेरा घेऊन तो सगळं गाव फिरला होता. घरं, तलावाची पाळ, गावदेवी मातामायचं ठाणं, दारात उभी राहिलेली माणसं, सगळं त्याने फोटोंत आणि फिल्ममध्ये टिपून ठेवलं. मग पाणी आलं, गाव बुडालं आणि माणसं चार दिशांना पांगली.

ते सगळं त्याने माझ्या डिस्कवर उतरवलं. पुनर्वसनाच्या वसाहतीतल्या घरात, धानाच्या पोत्यांशेजारी, मला जागा मिळाली. वायफायवरून टीव्हीवर गाव दाखवायचं, एवढंच माझं काम. दिवाळीनंतर जुन्या गावच्या मंडईचा, म्हणजे जत्रेचा, दिवस आला, की पांगलेली माणसं भुपेंद्रच्या अंगणात जमतात आणि आपापलं घर पाहतात. त्या दिवशी माझा थाट विचारू नका.

या घरात मला सर्वांत जास्त मान दिला तो कुंताबाईने, भुपेंद्रच्या आईने. मातामायचं ठाणं पाण्याखाली गेल्यापासून नमस्कार कुठे करावा हेच तिला कळत नव्हतं. एकदा टीव्हीवर ते ठाणं दिसलं आणि हे येतं कुठून, असं तिने विचारलं. भुपेंद्रने माझ्याकडे बोट दाखवलं. झालं, तेव्हापासून सणावाराला माझ्या डोक्यावर हळदकुंकू आणि अक्षता पडू लागल्या. “माय आता याच्यातच रायते,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. माझ्या डोक्यावर वारा खेळायला जाळी आहे, हे तिला कसं कळणार? आणि मीही फुशारलो होतो. फुकटचं देवपण कोणाला नको असतं?

पण त्याच दिवसांत माझ्या डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला होता. डिस्क मरायला टेकली की असा आवाज येतो, हे आम्हा यंत्रांना बरोबर कळतं. धानाच्या कोंड्याने माझा पंखा इतका घरघरत होता, की घरात कोणालाच तो ऐकू आला नाही. मला मात्र भीती वाटू लागली. यंदा दसऱ्याला कुंताबाईने मूठभर अक्षता वाहिल्या, तेव्हा दाणे जाळीतून आत घरंगळले, तरी मी कसाबसा चालत राहिलो.

मंडईच्या दिवशी सकाळी लाइट गेली. ती परत आली, पण मी उठलो नाही. भुपेंद्रने बटण दाबलं की मी बीप करायचो आणि गप्प व्हायचो. अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, माणसं येऊ लागली होती. साकोलीहून रंभाबाई आली होती. तिचा नवरा पुंडलिक गाव सुटल्यावर वर्षभरात वारला. भुपेंद्रच्या त्या फिल्ममध्ये तो दारात उभा राहून दोन शब्द बोलतो. त्याचा आवाज तिला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

“का झालं, बाबू? लागत नाही का?” तिने विचारलं.

“लागते, मावशी. बसा तुमी,” भुपेंद्र म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

भुपेंद्रची बायको राखी शांत डोक्याची. तिने टीव्हीची वायर थेट मला जोडायला लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

“पंखा फिरून नाही राहिला म्हणते,” तिने वाचलं.

माझं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा अडकून बसला होता. अंगणात हशा पिकला. कुंताबाई तेवढी हसली नाही. “मी तं मायले वायलं होतं,” ती हळूच म्हणाली. राखीने दाणे वेचले, कोंडा झाडला, आणि पंखा गरगरा फिरू लागला.

पण पडद्यावर पुन्हा अक्षरं आली. मित्रांनो, ती मी लिहिली होती. बोलता येत नाही म्हणून लिहून सांगत होतो.

“अजी, थांबा. डिस्क खराब होऊन राहिली म्हणते. पयले कॉपी काढा म्हणते,” राखी म्हणाली. “आणि आता टकटक आयकू येते मले.”

“एफ-वनचं बटण दाबलं का पुढं जाते ते,” भुपेंद्र म्हणाला.

“पण कॉपी?”

“चालू झाला ना? मंग काहून छेडतेस त्याले? लोकं बसून आहेत. धान निघू दे, मंग नवी डिस्क आनू.”

आणि त्याने ते बटण दाबलं.

टीव्हीवर गाव उजळलं. ज्याला त्याला आपलं घर दिसत होतं. मातामायचं ठाणं येताच कुंताबाईने हात जोडले. मग पुंडलिक दारात आला. कॅमेऱ्यामागून भुपेंद्रने विचारलं, सामान कधी हलवता? पुंडलिक हसून म्हणाला, “इथवर पाणी येत नाही जी. आमच्या आज्यानंही नाही पायलं.” सगळं गाव तेव्हा असंच म्हणत होतं.

रंभाबाईने पदर डोळ्यांना लावला. “अजून एकडाव लाव ना, बाबू.”

भुपेंद्रने ती फिल्म पुन्हा लावली. माझी डिस्क अडखळली. मी सगळा जीव लावून तो आवाज शोधत होतो. पुंडलिक दारात आला, हसला, त्याने तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. रंभाबाई त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली.

“वायफाय गेला असन,” भुपेंद्र म्हणाला.

मित्रांनो, वायफाय गेला नव्हता. राखीला कोणीतरी एवढं सांगा. मला हळदकुंकू नको, अक्षता नकोत, मान नको. जे अजून वाचता येतंय ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या, धान निघायची वाट पाहू नका. पाणी इथवर आलं आहे.