सिनेमात नसलेली चांदबी

पडद्यावर किसनसिंगनं त्या पोरीचे केस धरले, तिला फरफटत घराबाहेर आणलं, आणि पांढरकवड्याच्या टॉकीजमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. तांड्यावरची पोरं खुर्च्यांवर चढून ओरडली, "किसनकाका! अरे, आपला किसनकाका!"

किसनसिंग अंधारात लाजून हसला. सारं आयुष्य त्यानं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवला होता. पैनगंगेकाठी शूटिंग आलं तेव्हा त्याची उंची आणि मिशा पाहून सिनेमावाल्यांनी त्याला रजाकार केलं.

शेजारी त्याची आई हंसाबाई बसली होती. रजाकारांनी नदीपल्याडचा तिचा तांडा जाळला, तेव्हा ती परकरातली पोर होती. बाप आणि थोरली बहीण त्यातच गेली. म्हणून आज तिला मानानं बोलावलं होतं. किसनसिंगनं वळून पाहिलं, तर तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली होती. त्याचं हसू विरलं.

"याडी, बाहेर जाऊ का आपण?"

"नाही. चांदबी यायची हाय अजून."

चांदबीची गोष्ट ऐकतच किसनसिंग मोठा झाला होता. ती तांड्याशेजारच्या गावात बांगड्या भरायची. तांडा जळाला त्या दिवशी तिनं हंसाला आपल्या घरी ज्वारीच्या कणगीत लपवलं, दारात आलेल्या रजाकारांना कुराणाची शपथ घेऊन खोटं सांगितलं आणि नंतर पाठीवर घेऊन नदी पार करवली.

सिनेमा संपला. चांदबी आलीच नाही. तिच्या धर्माचं माणूस जितक्यांदा पडद्यावर आलं, मारायलाच आलं.

दिवे लागले. आयोजक सदाशिवरावांनी मायलेकांना मंचावर नेलं, दोघांना हार घातले. "आजी, काय भोगलं ते सांगा लोकायले."

"मले चांदबीनं वाचवलं," हंसाबाई म्हणाली. "मुसलमानाची बाई होती. तिनं मले..."

सदाशिवरावांनी माईक हलकेच बाजूला घेतला. "आजी थकल्या हायेत. किसनभाऊ, तुमचा तो डायलॉग होऊन जाऊ द्या!"

टाळ्या पडल्या. पोरांनी मोबाईल वर धरले. तो डायलॉग किसनसिंगनं स्टिअरिंगवर बसून किती वेळा घोकला होता. त्यानं घसा साफ केला. मग त्याचं आईकडे लक्ष गेलं. तिचे ओठ हलतच होते. माईक गेला तरी ती सांगायची थांबली नव्हती.

त्यानं माईक तिच्या तोंडाशी धरला. "सांग याडी. पुरं सांग."

"कायले हे आता?" मागून कोणीतरी ओरडलं. काही माणसं उठून चालू लागली, खुर्च्या खाडखाड वाजल्या. सदाशिवरावांनी कोपऱ्यातल्या माणसाला खूण केली आणि माईक बंद पडला.

हंसाबाईला ते कळलं नाही. ती मराठीतून कधी तांड्याच्या गोरबोलीत शिरली, तेही तिला कळलं नाही. नदीला पाणी किती होतं, पाठीवर ती रडू लागली तेव्हा चांदबी काय म्हणाली, सारं ती हळू आवाजात सांगत राहिली.

किसनसिंग मेलेला माईक धरून तसाच उभा होता. समोरच्या रांगेतल्या तांड्यावरच्या बाया उठल्या, आणि नीट ऐकू यावं म्हणून मंचाला खेटून उभ्या राहिल्या.