मिस्त्रीचा कान

इंजिन उघडायच्या आधी मिस्त्री त्याला ऐकायचा. बॉनेटवर एक हात ठेवून, मान तिरकी करून, डोळे मिटून उभा राहायचा आणि मग सांगायचा की दोन नंबरचा व्हॉल्व्ह सैल आहे, किंवा बेल्टचं बेअरिंग आता चार दिवसांचं पाहुणं आहे. बाकीचे मेकॅनिक कॉम्प्युटर लावून अर्ध्या तासात जे शोधायचे ते हा पाच मिनिटांत सांगायचा आणि वर चहा मागायचा. लोक लांबलांबून गाड्या घेऊन यायचे. मिस्त्रीला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? अठ्ठावन्न वर्षांत स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं काय त्याच्याकडे? गॅरेज होतं ते भाड्याचं, बायको होती ती रागावलेली, आणि मुलगी होती ती सदा घाईत.

मुलगी सव्वीस वर्षांची. आठवडाभर कुरिअरची व्हॅन चालवायची आणि रविवारी पाव मैलाच्या शर्यतीत उतरायची. ही शर्यत म्हणजे एक सरळसोट पट्टी, त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि चारशे मीटरवर संपवायचं. अकरा-बारा सेकंदांचा खेळ. बघणाऱ्याला शिंक आली तर शर्यत बघायची राहून जाते. एका मोठ्या संघात चालकाची जागा रिकामी झाली होती. संघाच्या मॅनेजरने चौघांना निरोप दिला होता की हंगामाच्या शेवटच्या रविवारी जो स्वतःच्या गाडीत अकरा सेकंदांच्या आत येईल त्याला घेऊ. दोघे आले तर ज्याची वेळ कमी त्याला. त्या चौघांत ही एक, आणि बाई म्हणून एकटीच. मागच्या वर्षी अशीच संधी आली होती आणि ऐन वेळी क्लच फुटला होता. तेव्हापासून ती हसायची ते दात दाखवण्यापुरतं.

गाडी बावीस वर्षांची होती. भंगारवाल्याकडे इंजिन जाम होऊन पडलेली. बापलेकीने चौदा महिने खपून ती पुन्हा उभी केली. इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतून कोरून घेतला, जास्त ताण सोसणारे घडीव पिस्टन बसवले. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट, गालिचे, दारांच्या आतली आवरणं, सगळं उपटून फेकलं. बायको म्हणाली, आता घरातली कपाटंही काढा, मलाही जरा हलकं वाटेल. मूळचा टर्बो काढून त्या जागी दुप्पट मोठा बसवला. टर्बो म्हणजे शेवटी एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि बाहेरची हवा आत कोंबतो. या दाबाला बूस्ट म्हणतात, आणि बूस्ट जितका जास्त तितकी गाडी जोरात. पण हाव सुटली की पेट्रोल वेळेआधीच आपोआप पेटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घाव बसू लागतात. त्याला नॉकिंग म्हणतात. घाव बसत राहिले तर पिस्टन वितळतो, इंजिन फुटतं, तेल मागच्या चाकांखाली जातं. ताशी दोनशेच्या वेगात तेलावर गेलेली एक गाडी मिस्त्रीने भिंतीवर आदळताना पाहिली होती. त्या चालकाचं हेल्मेट त्यानेच काढलं होतं. घरी तो याबद्दल कधी बोलला नाही.

नॉकिंग पकडायला गाडीत सेन्सर असतो. पण घडीव पिस्टन मुळातच खडखडतात आणि सेन्सर बिचारा त्यालाच नॉकिंग समजून बोंब मारतो. म्हणून मिस्त्रीने तो काढला आणि आपली जुनी नळी लावली. तांब्याची बारीक नळी. एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने आवळलेलं, दुसरं रबरी पाइपमधून हेडफोनच्या वाट्यांत सोडलेलं. मुलगी गाडी पळवायची, हा शेजारी बसून वाट्या कानांवर दाबून ऐकायचा आणि म्हणायचा, "साफ आहे." मग बूस्ट एक पौंड वाढवायचा आणि पुन्हा ऐकायचं. नॉकिंगचा आवाज कसा असतो हे त्याने तिला ती नऊ वर्षांची असतानाच सांगून ठेवलं होतं. पत्र्यावर मूठभर वाळू टाकावी तसा.

ती वाळू दोन वर्षांपासून त्याला ऐकू येत नव्हती.

आधी पाखरं गेली. मग वॉशिंग मशीनची शिट्टी गेली. मग बायको चिडली आहे हे आवाजावरून न कळता भुवयांवरून कळायला लागलं. मिस्त्रीने सगळ्याकडे कानाडोळा केला. कोणी बोललं की मान हलवायची, चारचौघं हसली की आपणही हसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाडेभरडे आवाज त्याला अजून नीट यायचे, इंजिनाची गुरगुर यायची, त्यामुळे धंदा चालून जायचा. पण शर्यतीच्या आठ दिवस आधी तो कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून बटण दाबायला दिलं आणि नंतर एक कागद समोर ठेवला. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ येत होती आणि तिथून विहिरीत उडी मारल्यासारखी खाली गेली होती. त्याने एवढंच विचारलं, पत्र्यावर वाळू पडली तर ऐकू येईल का? बाई म्हणाल्या, नेमके तसलेच बारीक आवाज गेलेत, आणि ते परत येत नाहीत. मशीन लावलं तर बोलणं समजायला मदत होईल. त्याने कागदाची चौघडी केली आणि हत्यारांच्या पेटीत, सगळ्यात खालच्या खणात पान्यांखाली सरकवली.

पुढचे चार दिवस माणूस वेड्यासारखा वागला. कान धुऊन आला. नळीत कचरा असेल म्हणून नळी बदलली. मग नवी जाड पडते म्हणून तिसरी केली. हेडफोनच्या वाट्यांना नवं फोम लावलं. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातांत धरून उभा राहिला, निदान हाडांतून तरी आवाज येईल म्हणून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी सोडेना. बायको डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली आणि म्हणाली, अहो, भूक लागली असेल तर पोळी आणलीये. तो हसला. तिने डबा ठेवला, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

गुरुवारी ते ओसाड धावपट्टीवर शेवटच्या चाचणीला गेले. बूस्ट बावीस पौंडांवर होता. गाडी सुटली, छातीवर ओझं आल्यासारखं तो मागे दाबला गेला, आणि वाट्यांतून आली ती फक्त गुरगुर. वाळू नव्हती. पण वाळू असती तरी ती त्याला कुठे ऐकू येणार होती? मुलीने वेग कमी करत त्याच्याकडे पाहिलं. त्याला दरदरून घाम फुटला होता. खरं सांगितलं तर रविवार गेला, तिची जागा गेली आणि मिस्त्रीही गेला. आणि कोणी सांगावं, ऐकू आलं नाही म्हणजे कदाचित नसेलही. बुडणारा माणूस असल्याच हिशोबाला धरतो.

"साफ आहे," तो म्हणाला.

रविवारी पहिली धाव वीस पौंडांवर झाली: अकरा पूर्णांक चौदा. दुसरी बावीसवर: अकरा पूर्णांक शून्य तीन. तीन शतांश फक्त जास्त. मुलगी हेल्मेट काढून धावतच आली आणि आणखी दोन पौंड दे म्हणाली. तिसरी धाव शेवटची होती आणि मध्ये चाळीस मिनिटं होती. तो बरं म्हणाला. ती पाणी प्यायला गेली तसे त्याने घाईघाईने चारही स्पार्क प्लग काढले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक उन्हाकडे धरून बघितला. पहिला स्वच्छ होता, दुसराही. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चमकणारे बारीक ठिपके होते, कोणी चांदीचं मीठ भुरभुरल्यासारखे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. म्हणजे गुरुवारपासून वाळू पडत होती, आणि त्याने मुलीला तसंच दोनदा पट्टीवर सोडलं होतं.

तो टायरवर बसला. प्लग मुठीत होता, अजून गरम. सांगितलं तर ती काय म्हणणार हे त्याला पाठ होतं: एकच धाव आहे बाबा, निघेल. आणि ती खरंच गेली असती, चोवीसवर गेली असती, कारण पोरगी त्याच्यावरच गेली होती. म्हणून सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. यात लेकीचा जीव किती होता आणि आपली अब्रू किती, हे त्याने त्या वेळी वेगळं करून पाहिलं नाही. उठून प्लग बसवले आणि बूस्टचा स्क्रू उलटा फिरवून अठरावर आणला. समोरच्या बूस्टच्या काट्याकडे ती बघणार नव्हती. पाव मैलात काट्याकडे बघणाऱ्याला भिंत दिसते, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

ती पट्टा आवळत होती. त्याने खिडकीत वाकून सांगितलं की चोवीस केलाय, साफ आहे. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

अकरा पूर्णांक एकवीस.

बाजूच्या पट्टीतल्या, चौघांतल्याच एका पोराची दहा पूर्णांक सत्त्याण्णव. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मुलगी गाडी परत घेऊन आली, उतरली, आणि हेल्मेट काढून काखेत मारलं. मग चालत मॅनेजरकडे गेली. मिस्त्री मागोमाग गेला. ती मॅनेजरला सांगत होती, आणि हे त्याला ओठांवरून स्वच्छ कळत होतं, की गाडी अगदी बरोबर होती, इंजिनात काही खोट नव्हती, तिसरा गिअर टाकायला हातच उशिरा गेला. चूक माझी. मॅनेजर वहीत लिहायला लागला. मिस्त्रीला दिसलं की हे आता तिच्या नावापुढे कायमचं राहणार: हात उशिरा जातो.

"तिचा गिअर चुकला नाही," तो म्हणाला. तो किती मोठ्याने बोलला हे त्याला कळलं नाही, पण आजूबाजूची माणसं वळली. त्यांत त्याची दोन जुनी गिऱ्हाइकंही होती. "मी बूस्ट कमी केला. तिला न सांगता. इंजिन नॉक करतंय आणि मला ते ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

मॅनेजर पेन खिशाला लावत काहीतरी बोलला, पण तोवर पट्टीवर पुढच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या होत्या आणि मिस्त्रीपर्यंत नुसतीच गुरगुर पोचली. त्याने सवयीने मान हलवली. मॅनेजर निघून गेला.

गाडी ट्रेलरवर चढवेपर्यंत ऊन उतरलं होतं. मुलगी पाठमोरी वाकून पट्टे बांधत होती. मिस्त्री दुसऱ्या बाजूला उभा होता आणि ती कधी तोंड सोडते याची वाट बघत होता. ती काही बोलली नाही. एक पट्टा झाला, दुसरा झाला, तरी नाही. शेजारी कोणाचा तरी जनरेटर धडधडत होता. त्याला वाटलं, बरोबरच आहे, बोलायला उरलंय काय? आरडाओरडा केला असता तर निदान सुटल्यासारखं झालं असतं.

तिसरा पट्टा द्यायला तो वळसा घालून तिच्या बाजूला गेला तेव्हा त्याला तिचा चेहरा दिसला. तिचा जबडा हलत होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, गालांवर पाणी होतं. ती बोलत होती. पहिल्या पट्ट्यापासून ती बोलतच होती.

तिने मान वर केली आणि तो कसा बघतोय ते पाहून थांबली. यातलं काहीच ऐकू आलं नाही का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. ती ट्रेलरच्या कडेवर बसली आणि दोन्ही हातमोज्यांनी तोंड झाकून घेतलं. आतून काही आवाज येत असेल तर तोही त्याच्यापर्यंत आला नाही.

मग ती उठली, जनरेटरकडे पाठ करून अगदी त्याच्या समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मॅनेजर काय म्हणाले माहितीये? ज्या पोरीचा मिस्त्री तिच्याशी खोटं बोलतो तिला मी कुठल्याच गाडीत बसवणार नाही. आणि त्यावर तू मान हलवलीस."

मिस्त्रीने तोंड उघडलं. कागदाबद्दल सांगायचं होतं, प्लगबद्दल, त्या हेल्मेटबद्दल.

"आधीचं सगळं पुन्हा नाही बोलवणार मला," ती म्हणाली. "एवढंच ऐक. गाडीत मी बसते, बाबा. मला सांगायचं होतंस."

त्याने मान हलवली.

"मान हलवू नकोस. मी काय म्हणाले ते म्हणून दाखव."

जनरेटर बंद झाला. ट्रेलरभोवती माणसं आपापलं सामान आवरत होती आणि न बघितल्यासारखं करून बघत होती. मिस्त्रीने खिशातल्या भिंगावरचा हात बाहेर काढला, तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"गाडीत तू बसतेस," तो म्हणाला. "तुला सांगायचं होतं."