नवा फोन आणि निडीची गौर

माझ्या फोनची बॅटरी फुगली आणि घरातल्या प्रत्येकाच्या सल्ल्यांना ऊत आला. पुतणी दिशा म्हणाली, "काकी, फेका तो आता." नवऱ्याचं म्हणणं, स्वस्तातला एखादा घेऊन टाक, बोलायला असा काय मोठा लागतो. पेणच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा सलमान तर मी दुकानाची पायरी चढताना दिसले की हसायलाच लागायचा. "ताई, ह्याची बॅटरी आता कंपनी काढत नाय. मिळाली तर कुणाची तरी काढलेली मिळंल. कशाला जीव टाकता ह्याच्यावर?"

जीव टाकत नव्हते, वैतागले होते. फोन गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच बंद पडायचा. चार्जर लावला की तव्यासारखा तापायचा. मागचं झाकण उघडू नये म्हणून मी त्याला रबर लावलं होतं, ते बघून लोक हसायचे. पण त्याचा कॅमेरा खरा होता. लाल ते लाल दाखवायचा, पिवळं ते पिवळं. आणि माझं पोट त्याच्यावर आहे, हे सल्ले देणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं.

मी गौरीचे मुखवटे रंगवते. नव्या मुखवट्यांचं सोपं असतं, गिऱ्हाईक बघतं, आवडला तर नेतं. खरी जबाबदारी जुन्या मुखवट्यांची. काही घरांत पिढ्यान्पिढ्या एकच मुखवटा असतो, रंग उडाला की तो माझ्याकडे येतो. त्या घरच्यांना ती गौर दरवर्षी होती तश्शीच हवी असते, कारण ती त्यांच्या घरची लेक, माहेरी येणारी. पण जुना रंग खरवडल्याशिवाय नवा बसत नाही आणि खरवडला की चेहराच जातो, हातात कोरी शाडू उरते. म्हणून खरवडण्याआधी फोटो काढायचा आणि त्या फोटोबरहुकूम रंगवायचं, ही आमची रीत.

श्रावणाच्या अखेरीस, कामाचा डोंगर असताना, तो फोन चालू व्हायचाच थांबला. दिशाने लगेच स्वतःचा पुढे केला. तिने तो नुकताच घेतला होता, स्वस्तातलाच. "ऑफिसचा आहे माझ्याकडे. तुम्ही हा आठवडाभर वापरून बघा, पटला तर असाच घेऊ."

नावं ठेवायला मी टपलेलीच होते. पण खोटं कशाला बोलू, त्याचे फोटो फार सुरेख यायचे. नवे मुखवटे त्याच्यात असे उजळ दिसायचे की माझंच काम मला आवडायला लागलं. दोन गिऱ्हाइकांनी नुसता फोटो बघून मुखवटे ठरवले. आता हाच घ्यायचा असं मनात जवळजवळ पक्कं झालं होतं, तेवढ्यात निडीचे काळुराम मोटरसायकलवरून आले. धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी आईचं काम उरकायला आलेला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. धुराने काळवंडलेला, सगळीकडे डाग, पोपडे सुटलेले. "आई म्हनते, हाय तशीच कर," एवढं बोलून ते गेले. मी फोटो काढला आणि इतर मुखवट्यांबरोबर तोही खरवडायला घेतला.

चार दिवसांनी काम झालं. त्यांची बायको अपेक्षा हिला मी फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, "खूपच सुंदर." काळुराम मुखवटा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आईचा, हौसाआजींचा फोन.

"रोहिणी, ही आमची गौर नाय गो. तुझ्याकडं बदली झाली."

आमच्या धंद्यात याहून वाईट आरोप नाही. एकाची गौर दुसऱ्याच्या घरी दिली असं एकदा पंचक्रोशीत झालं की जुना मुखवटा माझ्या दारात कोण आणून ठेवेल? गौरी परवावर आलेल्या. मी हातातलं काम टाकलं, रंगाच्या डब्या पिशवीत कोंबल्या आणि रोह्याची गाडी धरून निडीला उतरले.

हौसाआजी पडवीत मुखवटा समोर घेऊन बसल्या होत्या. अपेक्षा दाराला टेकून उभी होती.

"हनुवटीवर गोंदान होतं तिच्या. तीन ठिपके," आजी म्हणाल्या. "ओठाच्या कडंला घडी होती, हसल्यावानी. ही तर कुनाची तरी नवी नवरी दिसते."

"गोंदण नव्हतं, आजी."

"मी वरसानुवरसं तिचं तोंड पुसते. मला सांगतंस?"

घरात गौरीचा एकही उपयोगाचा फोटो नव्हता. सगळ्यांत ती सणाची सजलेली, नथीच्या आणि हारांच्या आड हनुवटी झाकलेली. मी संतापले. वयाचा मान ठेवायला हवा होता, पण नाही ठेवला. "तुम्हाला आता दिसत नसेल नीट," असं म्हणाले आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हा बघा, काळुरामदादांनी आणली त्या दिवशीचा. दाखवा कुठाय गोंदण."

आजींनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला.

"ह्यात नाय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मंग फोन खोटं बोलतो."

अपेक्षा हसली. "आई, फोन कसा खोटं बोलंल?"

"काढ माझा," आजी मला म्हणाल्या आणि हनुवटी वर करून बसल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते, पुसट झालेले. म्हातारीचं तोंड बंद व्हावं म्हणून मी फोटो काढला.

पडद्यावर एक गोरी, गुळगुळीत बाई आली. सुरकुत्या नाहीत. ओठाशेजारची घडी नाही. हनुवटी कोरी.

आजींनी वाकून बघितलं. "ही कोन गो?"



मी दिशाला फोन लावला. "अहो काकी, ते ब्यूटी मोड असणार," ती म्हणाली. "आपोआप चालूच असतं. बंद करता येतं की." न विचारता लोकांची तोंडं धुऊन काढायची आणि वर म्हणायचं, बंद करता येतं. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग तिच्यावर नव्हताच खरं तर. चेहरा माझ्या मांडीवर होता आणि मी तो डोळ्यांनी न बघता फोटोवर सोडून दिला होता. दिशाचा फोन उद्याच परत करायचा आणि वापरलेली का होईना, जुन्या फोनची बॅटरी सलमान शोधून देईपर्यंत त्याच्या दुकानातून हलायचं नाही, हे तिथेच ठरलं.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणाले आणि डब्या उघडल्या. "पण आता बघून काढू कशावरून?"

"माझ्यावरनं काढ. मी लग्न होऊन आले तवा सासूनं मला गोंदवलं, आनि त्याच वरशी ह्या गौरीला पन रंगारनीकडनं तसंच काढून घेतलं. दोघींचं सारकंच हाय."

त्या माझ्यासमोर सरकून बसल्या. मी मुखवटा मांडीवर घेतला. एकदा त्यांच्याकडे बघायचं, एकदा मातीकडे. आधी ओठाशेजारची घडी धरली, मग हिरव्यात टोक बुडवून पहिला ठिपका दिला. अपेक्षाही येऊन शेजारी बसली होती. तिने खाली ठेवलेला फोन उचलला आणि तो फोटो बघत राहिली.

"ताई, आईंचा हा मला पाठवा ना. किती छान आलाय. असा एकपण नाय आमच्याकडं."

आजी हनुवटी न हलवता म्हणाल्या, "पूस तो, बाय. नायतर मी मेल्यावर हाच भिंतीला लावतील, आनि त्या बाईला हार घालतील."

मी ब्रश खाली ठेवला, अपेक्षाच्या हातातून फोन घेतला आणि फोटो पुसला.