रिकामा काटा

वजनमापाचा निरीक्षक आला तेव्हा थोरली काट्यापुढच्या स्टुलावर होती. त्यात नवल काहीच नव्हतं. कपडे धुण्याच्या पावडरीचा हा कारखाना, म्हणजे दोन खोल्या आणि मागे गोदाम, तिच्या नवऱ्याने आणि दिराने मिळून काढला, तेव्हापासून ती तिथेच बसत आली होती. पुढे नवरा गेला, तरी स्टूल हललं नाही.

दिराला मात्र पाकिटं भरणारं यंत्र घ्यायचं होतं. जेवताना विषय निघाला की थोरलीचं उत्तर ठरलेलं.

"ज्या दिवशी माझं पाकीट वजनात कमी भरेल, त्या दिवशी मी आपणहून उठेन, भाऊजी. तोवर तुमचं यंत्र दुकानदाराकडेच बरं."

"शब्द आहे हं, वहिनी."

"आहे तर. मागे घ्यायला तो काय उसना आहे?"

तिच्या कामाला एक रीत होती, नवऱ्याने घालून दिलेली. सकाळी काटा सुरू करायचा, शून्य बघायचं आणि पहिलं पाकीट ठेवायचं. त्यानंतर चालू काटा रिकामा राहू द्यायचा नाही. डाव्या हाताने नवं पाकीट टेकवायचं, मगच उजव्याने भरलेलं उचलायचं. जेवायला उठतानासुद्धा एखादं पाकीट काट्यावर ठेवून जायचं. रिकामा काटा आणि रिकामटेकडा जावई डोळ्यांपुढे नको, असं तो म्हणे. थोरलीच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की तिला वेगळं लक्षात ठेवावं लागत नसे.

निरीक्षक तरुण होता, कमी बोलणारा. समोर आलेला चहा त्याने हात न लावता बाजूला सरकवला. गोदामात जाऊन त्याने वेगवेगळ्या थप्प्यांमधून, वरून, खालून, मधून, स्वतःच पाकिटं निवडली. खिडक्या लावून घेतल्या आणि स्वतःचा काटा टेबलावर मांडला. काही पाकिटं फोडून रिकाम्या पिशव्यांचं वजन घेतलं आणि तेवढं वजा करत एकेक पाकीट तोललं. दीर दारात उभा होता. त्याची बायको, म्हणजे धाकटी जाऊ, त्याच्या खांद्यावरून बघत होती. थोरली स्टुलावरून उठली नाही. तिच्या मते बघण्यासारखं काही नव्हतंच.

तासाभराने निरीक्षक पुढच्या खोलीत आला.

"एकेक पाकीट घेतलं तर तक्रार नाही," तो म्हणाला. "थोडी तूट नियमात बसते. पण सगळ्यांची सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली गेलेली चालत नाही. इथे एकही पाकीट जास्त नाही. सगळी पाच-सहा ग्रॅमनी कमी."

"पाच ग्रॅम म्हणजे चिमूटभर, साहेब," धाकटी म्हणाली.

"एका पाकिटात चिमूट. गोदामभर पाकिटांत किती, ते तुम्हीच बघा."

"काटा बिघडला असेल," दीर म्हणाला.

निरीक्षकाने पेटीतून प्रमाणित वजनं काढली. "तो पंखा बंद करा," तो म्हणाला. जिथे जाई तिथे तो हे म्हणतच असे. धाकटीने बटण दाबलं. थोरलीने काट्यावरचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. त्याने एकामागून एक वजनं ठेवली, काढली. आकडे बरोबर येत गेले.

"काटा चोख आहे," तो म्हणाला आणि वजनं पुसून पेटीत ठेवू लागला.

काटा चोख, म्हणजे खोट हातात. थोरलीने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"माणसाचा हात आहे, वहिनी, थकतो," दीर म्हणाला. टोमणा मारला असता तर तिला सोसलं असतं, पण तो समजुतीने बोलला.

"शब्द दिला होता मी," ती म्हणाली आणि उठायला टेबलाचा आधार घेतला. तिच्या कपाळावर घाम होता.

"ताई, बसा जरा. घेरी येईल," म्हणत धाकटीने पंखा लावला.

पंखा भिंतीवर उंच होता, मान खाली घालून थेट स्टुलाकडे आणि काट्याकडे बघणारा. आधी तो दाराजवळ असे. मागच्या आठवड्यात उकाड्याने थोरलीला चक्कर आली, तेव्हा तिनेच दिराच्या मागे लागून तो इकडे आणवला होता. सकाळी शून्य बघून पहिलं पाकीट ठेवलं की मगच ती तो लावत असे.

पंख्याने वेग घेतला. काट्यावर काहीच नव्हतं. तरी शून्याचे दोन झाले, मग चार. आकडा पाच-सहाच्या मध्ये डुलत राहिला.

थोरली परत बसली.

"बंद कर गं पंखा."

शून्य.

"लाव."

पुन्हा पाच, सहा.

"वारा ताटली दाबतोय, म्हणून तेवढी पावडर कमी पडतेय," दीर म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला. "बघा साहेब. चूक पंख्याची आहे. हे लिहा."

"लिहितो. पण माल थांबतोच. पाकिटात किती आहे एवढंच नियम विचारतो, का आहे ते विचारत नाही. सगळा पुन्हा भरा, मी परत येऊन तपासेन. दंडाचं वरचे लोक ठरवतील."

तो गेला. पंखा हलवल्यापासूनचा माल अजून गोदामातच होता, बाहेर गेला नव्हता, एवढं नशीब.

"बसा वहिनी," दीर म्हणाला. "तो शब्द आता सुटला. पंख्याने केलं, पंख्याने भोगावं."

"पंखा इकडे आणा म्हणून तुमचा जीव कोणी खाल्ला होता?"

"तुम्ही. पण ते..."

"आणि काटा क्षणभर रिकामा राहिला असता, तर पहिल्याच दिवशी हा आकडा दिसला असता. तो राहू दिला नाही कोणी?"

"दादाची रीत होती ती."

"रीत त्यांची. डोळे माझे होते."

ती उठली. या वेळी टेबलाचा आधार घेतला नाही. स्टूल तिने धाकटीकडे सरकवलं.

"मी? ताई, माझं भाजीतलं मीठ रोज चुकतं."

"तुझा अंदाजावर भरवसा नाही, म्हणूनच बसवतेय. माझा फार होता."

दिराने घसा खाकरला. "मग यंत्राचं काय करायचं?"

"आणा की. त्याचं शून्य बघायला कोणीतरी लागेलच, तेव्हा हिला घरी पाठवू नका."

पंखा उतरवायला दुसरं काही सापडेना, म्हणून दीर त्याच स्टुलावर चढला. तोवर थोरलीने कात्री घेतली आणि पलीकडच्या टेबलाशी बसून पाकिटांची तोंडं कापायला लागली, तिनेच भरलेल्या पाकिटांची. पावडरीने तिला दोनदा शिंक आली.

दुपारी धाकटी काट्यावर बसली. पहिलं पाकीट पुरं भरलं. तिने वर्षानुवर्षं बघितलं होतं तसंच केलं: उजवा हात भरलेल्या पाकिटाला, डाव्यात पुढचं, ते टेकवायला पुढे आलेलं.

"थांब," थोरली म्हणाली. "आधी ते उचल."

धाकटीने उचललं. ताटली मोकळी झाली. दोघींनी आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"शून्य," धाकटी म्हणाली.

"आता ठेव," थोरली म्हणाली आणि पुढचं पाकीट कापायला घेतलं.