पानाबाहेरची साक्ष

आमच्या घरात ओले कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. गॅलरीत छान ऊन येतं, दोरी बांधायला खिळेही आहेत, पण लग्न झाल्यापासून आमचे कपडे आतल्या पंख्याखाली कुबट होत वाळतात. ह्यांचा हुकूम. कारण विचारलं की मिठाची गुळणी. हे लढाईवरून परत आले आणि मग आमचं लग्न झालं, तेव्हा लढाईबद्दलही तीच गुळणी. मी भांडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, शेवटी हात टेकले. पण एकदा तरी या माणसाने माझ्यापाशी मोकळं व्हावं ही आस काही सुटेना. भिंतीशी संसार करून माणूस थकतो हो.

हे पडद्यांच्या दुकानातर्फे घरोघरी दांड्या बसवायला जातात. मी त्याच दुकानाचे पडदे घरी शिवते. आमच्याकडे राहणाऱ्या वन्सं मात्र शिकलेल्या, विमा कंपनीत. लोकांचे दावे कुठल्या कलमाखाली नाकारता येतील ते शोधायचं त्यांचं काम. आठवडाभर शब्दांचा कीस पाडण्याचा पगार घेतात आणि रविवारी तोच कीस फुकट पाडतात.

रविवारी त्यांचं ऑनलाइन कोर्ट भरतं. जगात जिथे जिथे वादग्रस्त लढाया झाल्या, त्यातला एकेक प्रसंग घ्यायचा आणि त्यावर खटला चालवायचा. कोणी कुठली बाजू घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मनाला पटो न पटो, वाट्याला आलेली बाजू लढवायची. साक्षीदारही सभासदच होतात. न्यायाधीश एक निवृत्त दंतवैद्य आहेत, त्यांना सगळे घुबड म्हणतात. वन्संचं तिथलं नाव करवत, आणि ते कोणी ठेवलं असेल त्याला माझा नमस्कार.

त्यांचा एक कडक नियम आहे. छापून आलेल्या अहवालांवरून आधी प्रत्येक साक्षीचं पान तयार करतात आणि साक्षीदाराने तेवढंच बोलायचं. कोणी मनाचं काही घुसडलं की वकील म्हणतो, ‘पानाबाहेर.’ घुबड घंटी वाजवतात आणि ते वाक्य बोललंच गेलं नाही असं धरतात. लोक स्वतःची रडगाणी गायला लागले की खटले बिघडतात म्हणे.

त्या आठवड्यात आपल्याच सैन्याचा खटला होता. नदीकाठच्या पंपघरावर तोफा डागल्या, आत लपलेली माणसं मेली. इमारत रिकामी आहे असा निरोप पुढे बसलेल्या टेहळ्याने दिला होता, त्यामुळे दोष कोणाचा, हा वाद. वन्संकडे टेहळ्याचा बचाव आला. टेहळ्या होणाऱ्या बाईंचा घसा बसला तेव्हा वन्सं पान घेऊन ह्यांच्याकडे आल्या.

“दादा, एवढं वाचून दाखवशील? तू लढाईत सामानाच्या कोठारात होतास, तुला निदान शब्द तरी माहीत असतील.”

ह्यांनी पान वाचलं, परत वाचलं. जो माणूस टीव्हीवर सैनिक दिसला की उठून जातो, तो म्हणाला, “देतो वाचून.”

मला इतका आनंद झाला की मी हातातला पडदा उलटा शिवला. वाटलं, दुसऱ्याच्या शब्दांनी का होईना, कुलूप निघेल.

दोघं एका खोलीत बसले की आवाज घुमतो, म्हणून वन्सं आत दार लावून बसल्या आणि ह्यांचा फोन मी बाहेर शिलाई मशीनला टेकवून दिला. मी बाजूला बसून पडद्याला हुक लावू लागले. ह्यांचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा, एकदा समोरून आणि मग जरा उशिराने दारापलीकडून.

सरकारी वकिलाने विचारलं, “इमारतीत काही हालचाल दिसली?”

पानावर उत्तर होतं, ‘नाही. काही दिसलं नाही.’

हे म्हणाले, “दोरीवर कपडे वाळत होते.”

माझा हात थांबला.

“लहान मापाचे. ओले होते. म्हणजे आत माणसं होती, मला कळलं. तरी मी रिकामी आहे म्हणून सांगितलं. माणसं आहेत म्हटलं असतं तर पहाटेपर्यंत थांबावं लागलं असतं. आम्हाला परत जायचं होतं. मला झोप आली होती.”

दारापलीकडून तेच शब्द पुन्हा आले, आणि पाठोपाठ वन्संचा आवाज, ऑफिसातला, धार लावलेला. “हरकत आहे. पानाबाहेर.”

घंटी वाजली.

“नंतर एक बाई बाहेर आली, ती कपडे काढायला…”

“पानाबाहेर.”

घंटी.

“अहो, मी होतो तिथे.”

“पानाबाहेर. साक्षीदार बचावाचं नुकसान करतोय.”

घंटी. फोनच्या पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडायला लागली. कोणीतरी लिहिलं, ‘काय नट आहे हा! पुढच्या वेळी पण आणा.’ घुबड समजुतीने म्हणाले, “साक्षीदार महाशय, अभिनय उत्तम, पण पानावरच राहा.”

मी उठून ते दार ढकलायला हवं होतं. पण मी हातातला हुक तसाच धरून बसून राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“नाही,” ते वाचू लागले. “काही दिसलं नाही.”

पुढची सगळी साक्ष त्यांनी एकही शब्द न चुकवता वाचली. सभासदांची मतं पडली आणि टेहळ्या मोठ्या फरकाने निर्दोष सुटला.

वन्सं लालबुंद होऊन बाहेर आल्या. “जिंकलो, दादा! पण मधेच काय भरकटलास? मी होते म्हणून सावरलं.” मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. ह्यांचं पाहिलं. “दादा, तू कोठारात होतास ना?”

“निकाल लागला ना, बायो?” हे म्हणाले. “मग झालं.”

वन्सं तिथेच पडद्यांच्या ढिगावर बसल्या. इतकी वर्षं मला त्या बाईचा राग येत होता, त्या क्षणी नुसती कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धुतले. हे दांड्या खांद्यावर घेऊन निघाले होते. पंख्याखाली चादर पसरताना मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, “अहो, ती कपडे काढायला आलेली बाई. मला सांगा. इथे घंटी नाही कुणाकडे.”

ते दारात थांबले. माझ्या हातातल्या ओल्या चादरीकडे बघत राहिले. ओठ हलले, आणि मला खरंच वाटलं, आता.

“नाही,” ते म्हणाले. “काही दिसलं नाही.”