दादा ‘बरं’ म्हणाला

“बहिरेपण वयोमानानं आलंय, नोकरीशी संबंध नाही, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारलीय,” वकील प्रियदर्शनीताई म्हणाल्या. “सैन्यातून सुटताना काकांनी कानाची तक्रार केली नव्हती का?”

“करतील कशी?” अंजना म्हणाली. “कळलं असतं तर बढती गेली असती. आमालाबी कळू दिलं न्हाई. काय बी बोला, ‘बरं, बरं’ म्हणायचं.”

शेजारी तिचा नवरा आकाराम दोघींच्या ओठांकडे पाहत बसला होता. तोफखान्यातला निवृत्त हवालदार. अपील करायचं तर त्याला नोकरीत असतानाच ऐकू येत नव्हतं, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. तोफेवरचे जोडीदार कुठे कुठे पांगले होते, काही वारले होते.

अंजनाला नणंद आठवली. राहीबाईनं भावाशी बोलणं टाकलं त्याला कित्येक वर्षं झाली होती. “युनिटात फोन केला हुता म्या,” एवढंच ती एकदा बोलून गेली होती.

अंजना एकटीच तिच्याकडे फलटणला गेली. तिनं सगळं सांगितलं, तशी राहीबाई हातातली मेथी तशीच धरून बसली.

“सासरी मालक लय मारायचे, वैनी. बूथवरनं दादाला फोन लावला. म्हटलं, मला न्यायला ये, माझ्यानं आता सोसवत न्हाई. दादा म्हणाला, ‘बरं, बरं. सुखात ऱ्हा.’ आन् ठेवला.”

“त्यास्नी ऐकूच आलं नसंल, वन्सं.”

“मला काय ठावं? वाटलं, भावाला मी नकोशी झाले. मंग सोसलंच.”

साताऱ्याला वकिलांच्या ऑफिसात राहीबाईनं हेच पुन्हा सांगितलं आणि सही केली. “काय म्हणतीया?” आकारामनं विचारलं. अंजनानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“मला वाटलं, दिवाळीला कवा येतोस, असं विचारतीया,” तो म्हणाला.



पुढे अपील मंजूर झालं. कान तोफांच्या आवाजानंच गेले, असं निकालात म्हटलं होतं. अंजनानं राहीबाईला जेवायला बोलावलं. आकारामनं स्वतः तिच्या पोळीवर तूप वाढलं.

“आज मुक्काम कर की, राहे.”

“न्हाई दादा. मालक अंथरुणाला खिळल्यात. घास मलाच भरवावा लागतोय.”

आकारामनं बायकोकडे पाहिलं. अंजनानं त्याच्या कानात शब्दन् शब्द पुन्हा सांगितला.

राहीबाईनं परक्या बाईसारखं आपलं ताट आपणच विसळलं, भिंतीशी पालथं घातलं आणि पदर सारखा करून निघाली. तिची पिशवी हातात घेऊन आकाराम एसटी स्टँडपर्यंत तिच्या मागून चालत गेला.